क्रमांक ४१२ च्या तीन नोंदी

विलास पिसे चपला न काढता आत आले. मंडळाच्या कार्यालयात तसं कोणी येत नसे. दाराशी पाटी होती, आणि पिसे पाटी पाळणाऱ्यांपैकी होते. ते थेट नानांच्या टेबलापाशी आले आणि दोन्ही हात टेबलावर टेकवून उभे राहिले.

"याच टेबलावर लिहून दिलं मी," ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात, खरं काय ते सांगा, आत राहील. मी सांगितलं. आता मला एवढंच सांगा नाना, आतलं कराडला कसं गेलं?"

"आधी बसा. पाणी घ्या."

"पाणी नको. नाव पाहिजे."

ही जानेवारी २००६ मधली गोष्ट. वार शुक्रवार. सांगलीच्या खणभागात आमच्या समाजाच्या वधूवर सूचक मंडळाचं दोन खोल्यांचं कार्यालय होतं. रविवारी वधूवर मेळावा होता आणि मी कोपऱ्यातल्या संगणकावर मेळाव्याच्या पुस्तिकेची पानं लावत बसलो होतो. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. पोटासाठी एका दैनिकात रात्रपाळीला पानं लावायचो आणि दिवसा मंडळाचं संकेतस्थळ सांभाळायचो. ते मीच तयार केलं होतं.

पिशांची मुलगी मृदुला एम.कॉम. झालेली होती. आमच्याकडे तिचा नोंदणी क्रमांक ४१२. कराडच्या एका मुलाशी तिचं जमत आलं होतं. बघण्याचा कार्यक्रम झाला, पसंती आली, पुढच्या बैठकीची तारीखही ठरली. गुरुवारी संध्याकाळी कराडहून नकार आला.

"मंगळवारी त्यांना एका बाईचा फोन आला," पिसे सांगत होते. "नाव नाही, गाव नाही. म्हणाली, मुलीच्या अंगभर पांढरे डाग आहेत, घरच्यांनी लपवलंय. अंगभर! डाव्या दंडावर रुपयाएवढा एक डाग आहे, नाना. आठ वर्षांत तो गव्हाच्या दाण्याएवढासुद्धा वाढला नाही. आणि लपवलं म्हणे! लपवायचं असतं तर तुम्हाला लिहून दिलं असतं का?"

इथे मंडळाची एक पद्धत सांगायला हवी. प्रत्येक स्थळाच्या माहितीत शेवटी एक रकाना असे, 'खासगी शेरा'. मोडलेला साखरपुडा, एखादा आजार, घरातलं काही. घरच्यांनी ते प्रामाणिकपणे सांगायचं आणि मंडळाने ते जपायचं. दोन्हीकडून पसंती आली की मंडळाचा एक माणूस समोरच्यांच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर बसून, तोंडी सांगे. फोनवर नाही, पत्राने नाही. बहुतेक वेळा हे काम कुमुद रेळेकरांकडे असे. त्या अशा रीतीने सांगत की ऐकणाऱ्याला ती अडचण वाटायच्या ऐवजी विश्वास वाटे. पिशांच्या बाबतीत त्या येत्या मंगळवारी कराडला जाणार होत्या.

सप्टेंबरपर्यंत हे शेरे कपाटात होते. मग ते संकेतस्थळावर आले. कुणीही पान उघडायला गेलं की पडद्यावर एक छोटी राखाडी खिडकी येई आणि नाव व पासवर्ड मागे. समितीतल्या सहाजणांना मी नावं आणि पासवर्ड दिले होते. नावं लक्षात राहावीत म्हणून त्यांचीच पहिली नावं ठेवली होती.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. नाना खटावकर मंडळाचे अध्यक्ष, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले.

"श्रीधर, पान कोणी उघडलं ते कळतं?"

"कळतं," मी म्हणालो. मला ते सांगताना बरंच वाटलं होतं. असं काही विचारलं जाईल म्हणून मी पानाच्या सुरुवातीलाच एक सोय करून ठेवली होती. कोणी नाव टाकलं की ते नाव, पानाचा क्रमांक आणि वेळ एका फाइलमध्ये आपोआप लिहिली जाई.

मी फाइल उघडली. जानेवारीत ४१२ पुढे तीनच नोंदी होत्या. तिन्ही १७ तारखेच्या, मंगळवारच्या. दुपारी ३.४०, पुन्हा ३.४० आणि ३.४१. तिन्ही नोंदींत नाव एकच होतं.

मी नानांना खुणेने जवळ बोलावलं. पिशांसमोर मोठ्याने वाचायचं नाही एवढं मला समजत होतं. पण पिसे मागून येऊन उभे राहिले होते आणि त्यांना वाचता येत होतं.

"कुमुदताई?" ते म्हणाले. मग खुर्चीत बसले. "त्यांनीच तर लिहून घेतलं होतं."

मंडळाच्या चिटणीस सुनंदा बोंगाळे शेजारच्या खोलीतून आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि हातातले कागद खाली ठेवले.

"तीनदा?"

"तीनदा."

"एकदा वाचून पुरलं नाही वाटतं बाईला," बोंगाळेवहिनी म्हणाल्या. नंतर पिसे निघून गेल्यावर त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "नाना, आठवतंय का? दिवाळीनंतर ह्याच कराडच्या मुलाला कुमुदताईंची भाची दाखवली होती. अश्विनी. मुलाकडच्यांनी नाही म्हणून सांगितलं."

नानांनी शनिवारी सकाळी अकराला समितीची बैठक लावायला सांगितलं.

कुमुदताई तेव्हा पन्नाशीच्या असतील. मंडळात अकरा वर्षं. संगणक येण्याआधी सगळी स्थळं बुटांच्या खोक्यांत कार्डांवर असत आणि त्या खोक्यांपेक्षा लोकांचा त्यांच्या आठवणीवर जास्त भरवसा होता. संकेतस्थळाचा विषय निघाला तेव्हा समितीत निम्मे विरोधात होते. "करू द्या की मुलाला. शिकलाय तर उपयोग होऊ दे," असं त्याच म्हणाल्या होत्या.

शनिवारी त्या वेळेवर आल्या. त्यांना विषय ठाऊक नव्हता. नानांनी सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पदर सारखा केला.

"मंगळवारी कार्यालय बंद असतं. मी घरी होते."

"नेटवरून कुठूनही उघडता येतं," बोंगाळेवहिनी म्हणाल्या. "हो ना रे, श्रीधर?"

"येतं."

"मी घरी साड्यांना फॉल लावत होते. तीन साड्या."

"घरात दुसरं कोण होतं?"

"साड्याच होत्या."

कोपऱ्यात कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. कुमुदताई हसल्या नव्हत्या. त्या माझ्याकडे वळल्या.

"श्रीधर, त्या फाइलमध्ये माझं नाव कोण लिहितं?"

"कोणी लिहीत नाही, ताई. आपोआप उठतं."

"कशावरून?"

"खिडकीत जे नाव टाकाल त्यावरून."

"मग दुसऱ्या कोणी माझं नाव टाकलं तर?"

"पासवर्डही लागतो. तो चुकला तर पान उघडत नाही."

"खात्री आहे तुझी?"

"खात्री आहे."

"तपासलंयस?"

"ताई, लिहिलंय मीच ते."

त्यांनी मान हलवली, जणू हे उत्तर त्यांना पुरेसं होतं. मी बनवलेल्या गोष्टीवर त्यांचा अजूनही विश्वास होता. मला ते तेव्हा दिसलं नाही.

"पासवर्ड कोणाला दिला होतात का?" नानांनी विचारलं. ते त्यांच्यासाठी एक दार उघडून देत होते, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. भाचीला दिला होता, शेजारच्या मुलीने बघितला असेल, काहीही चाललं असतं.

"नाही. कोणाला सांगितला नाही आणि कुठे लिहूनही ठेवला नाही. तसं करायचं नाही म्हणून श्रीधरनेच सांगितलं होतं."

नानांनी चष्मा काढला.

"नाना, मी एक विचारते," कुमुदताई म्हणाल्या. "४१२ मला पाठ आहे. पिसे बोलत होते आणि मी लिहीत होते. डाग कुठे, केवढा, कोणत्या डॉक्टरांचा दाखला, सगळं. मला कोणाला सांगायचंच असतं तर मी ते पान कशाला उघडलं असतं? तेही तीनदा?"

मला वाटलं, संपलं, आता नाना विषय मिटवणार.

"खात्री करून घ्यायला," बोंगाळेवहिनी म्हणाल्या. "फोन करायच्या आधी."

त्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली. एकदा संशय बसला की निर्दोष माणसाचं प्रत्येक उत्तर संशयाच्याच कामी येतं. घरी होते म्हणाल्या, तर साक्षीदार नाही. पासवर्ड कोणाला दिला नाही म्हणाल्या, तर मग दुसरं कोणी असूच शकत नाही. पाठ आहे म्हणाल्या, तर पाठ असून पाहिलं म्हणजे हेतू पक्का. माझ्याही मनात शंका उरली नव्हती. तीन ओळी माझ्यासमोर होत्या आणि त्या ओळींना कोणाशी देणंघेणं नव्हतं.

ठराव दोन ओळींचा झाला. चौकशी होईपर्यंत श्रीमती रेळेकर यांनी मंडळाच्या कामापासून दूर राहावे. चौकशी कोण करणार हे त्यात नव्हतं. कुमुदताईंनी कपाटाच्या किल्ल्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवल्या. जाताना त्या माझ्या खुर्चीपाशी थांबल्या.

"उद्याच्या पुस्तिकेत २७६ चा फोन बदललाय. तेवढा दुरुस्त करा," त्या म्हणाल्या.

मला त्या नेहमी अरे-तुरे करत.

संध्याकाळी पाच वाजता मी कार्यालयात परत आलो. नानांनी कुमुदताईंचं नाव यादीतून काढायला सांगितलं होतं. काम दोन मिनिटांचं. नाव खोडलं. दैनिकात मला एक सवय लागली होती. दुरुस्ती केली की ती छापून डोळ्यांनी बघायची, केली म्हणून झाली असं धरायचं नाही. म्हणून मी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला आणि मुद्दाम ४१२ क्रमांकाचं पान मागितलं. राखाडी खिडकी आली. मी कुमुदताईंचं नाव टाकलं आणि त्यांचा जुना पासवर्ड टाकला. आता तो चालायला नको होता.

खिडकी पुन्हा आली. म्हणजे नकार. बरोबर. मी पुन्हा तेच टाकलं. पुन्हा खिडकी. तिसऱ्यांदा टाकलं.

तीनदा चुकलं की त्या वेळचा ब्राउझर आणखी विचारत नसे. खिडकी गेली आणि पान आलं. सगळ्यात वर मी लिहिलेली ओळ होती: 'क्षमस्व, आपणांस हे पान पाहण्याची परवानगी नाही.' तिच्याखाली मृदुला विलास पिसे. जन्मतारीख, उंची, शिक्षण, वडिलांचा फोन. त्याखाली खासगी शेरा. डावा दंड. रुपयाएवढा. दाखला फाइलमध्ये.

मी नोंदींची फाइल उघडली. ४१२ पुढे तीन नव्या ओळी होत्या, तिन्ही ५.१७ च्या. तिन्हींत नाव कुमुदताईंचं.

कारण शोधायला वेळ लागला नाही, कारण ते मीच केलं होतं. अशा पानात क्रम असतो. आधी नाव आणि पासवर्ड तपासायचा. जुळला नाही तर नकार पाठवायचा. आणि नकारानंतर एक छोटी आज्ञा द्यायची, की इथेच थांब, पुढचं काही पाठवू नकोस. ती आज्ञा मी सुरुवातीला लिहिली होती. मग ऑक्टोबरमध्ये समितीने एक सूचना केली. मंडळाच्या प्रत्येक पानावर तळाशी संस्थापकांचा फोटो आणि कार्यालयाचा पत्ता असतो, तो नकाराच्या पानावर का नाही? एखाद्याला नाही म्हणायचं तरी ते कोरडेपणाने म्हणू नये. फोटो पानाच्या तळाशी होता आणि ती आज्ञा पान मध्येच तोडत होती. मी आज्ञा काढून टाकली. फोटो आला. समितीला आवडलं.

मी तपासलंही होतं. पण तपासताना पानाला क्रमांक दिला नव्हता. क्रमांक नाही म्हणून मधली जागा रिकामी राहिली. वर क्षमस्व, खाली फोटो. मी समाधानाने घरी गेलो होतो. नाव लिहून घेणारी ओळ तर तपासणीच्याही आधी होती. पासवर्ड बरोबर असो वा चूक, टाकलेलं नाव उठत होतं.

क्रमांक मिळवणं अवघड नव्हतं. मंडळाच्या मासिकात दर महिन्याला ते छापले जात: क्र. ४१२, एम.कॉम., पाच फूट तीन. नावं गुप्त राहावीत म्हणूनच क्रमांक. आणि मागच्या पानावर संपर्कासाठी सहाजणांची नावं. कोणीतरी क्रमांक टाकला, कुमुदताईंचं नाव टाकलं, पासवर्डाच्या जागी मनाला येईल ते तीनदा टाकलं, आणि पान उघडलं.

मग मी जे सकाळी करायला हवं होतं ते केलं. ऑक्टोबरपासूनच्या सगळ्या नोंदी वाचून काढल्या. मंगळवारच्या त्या तीन आणि माझ्या आताच्या तीन सोडल्या तर कुमुदताईंच्या दोनशे अठ्ठावीस नोंदी होत्या. प्रत्येक वेळी एका पानाला एक. ज्याला पासवर्ड ठाऊक असतो त्याची एकच नोंद होते. तीन नोंदी होतात त्या ठाऊक नसलेल्याच्या. बैठकीत मी जो पुरावा म्हणून ठेवला होता, तो त्या पानापाशी कुमुदताई नव्हत्या याचा पुरावा होता.

तशी तिहेरी नोंद आणखी सात ठिकाणी सापडली. वेगवेगळ्या नावांनी.

मी काढलेली आज्ञा जागेवर घातली, या वेळी फोटोच्या ओळी तिच्या आधी घेऊन. ४१२ टाकून पुन्हा तपासलं. मधलं काही आलं नाही. मग सायकल काढून नानांच्या घरी गेलो.

नाना गच्चीवर झाडांना पाणी घालत होते. मी सगळं सांगितलं. त्यांना संगणकातलं कळत नव्हतं, पण मुलांच्या उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी मला एकदाही थांबवलं नाही.

"म्हणजे कुमुदताई नव्हत्या."

"नव्हत्या."

"मग कोण?"

"सांगता येणार नाही. मासिक ज्याच्या घरी जातं त्यातलं कोणीही."

"अकराशे घरं आहेत ती."

"हो."

"आणि हे किती स्थळांचं झालं असेल?"

"खात्रीने आठ. त्यातल्या दोन ठिकाणी तुमचं नाव आहे."

"माझं?" त्यांच्या हातातला पाइप बाजूला गेला आणि पाणी माझ्या पायांवर आलं. "मी त्या पानांच्या वाटेलाही गेलो नाही कधी."

"ठाऊक आहे."

त्यांनी नळ बंद केला.

"आता बंद झालंय ना ते? नक्की?"

"झालंय. तपासलंय."

"मग उद्याचा मेळावा होऊ दे. चारशे माणसं येणार आहेत. आज हे बाहेर गेलं तर ज्यांची ज्यांची सोयरीक आजवर मोडली ते सगळे उद्या हॉलच्या दारात उभे राहतील, आणि एकमेकांकडे बघत राहतील. तिने केलं की ह्याने केलं. सोमवारी आपण नीट बघू."

"आणि कुमुदताई?"

"एक दिवस, श्रीधर. एका दिवसाने काय होतंय?"

मी बरं म्हणालो. नानांनी माझ्यावर जोर केला नव्हता. चूक माझी होती आणि ती सांगायला एक दिवस उशीर होणार होता, याचं मला बरं वाटलं. तेवढंच खरं कारण होतं.

मेळावा चांगला झाला. मुलं-मुली एकेक करून मंचावर येऊन माहिती सांगत होती, पालक पुस्तिकेत खुणा करत होते. मी दाराजवळच्या टेबलावर नोंदणी घेत होतो. कुमुदताई कुठे आहेत, असं सकाळपासून निदान वीसजणांनी विचारलं. पहिल्या दहांना कोणीतरी काहीतरी सांगितलं असावं. नंतरचे विचारताना आवाज खाली आणू लागले.

जेवणाच्या सुट्टीत इचलकरंजीच्या कोपर्डेबाई टेबलापाशी आल्या. त्यांच्या मुलासाठी कुमुदताईंची भाची अश्विनी जवळजवळ ठरली होती. मुहूर्त बघायचा राहिला होता. त्यांनी हातातली पत्रावळ टेबलावर ठेवली.

"तुम्हीच ते कॉम्प्युटरचं बघता ना?"

"हो."

"एक विचारू का? राग मानू नका. आमचं तिथं देणंघेणं व्हायचंय म्हणून विचारते. ते पिशांच्या मुलीचं जे झालं, ते खरंच कुमुदताईंनी केलं?"

शेजारी पंगत उठत होती. नाना पलीकडे पाहुण्यांशी बोलत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही.

"नोंदीत त्यांचं नाव आहे," मी म्हणालो.

"आणि तीनदा, म्हणतात."

"तीनदा."

यातला शब्द न् शब्द खरा होता.

"बरं झालं वेळेत कळलं," कोपर्डेबाई म्हणाल्या आणि पत्रावळ उचलून टाकायला गेल्या.

सोमवारी सकाळी दहा वाजता बोंगाळेवहिनींचा मला फोन आला. पुस्तिकांच्या उरलेल्या प्रतींचं विचारायला केला होता, पण सांगायचं दुसरंच होतं. इचलकरंजीकरांनी अश्विनीला नकार कळवला. "ज्या घरात असली सवय आहे तिथली मुलगी नको म्हणाले. वाईट वाटतं, पण काय करणार?"

मी कागद घेतला आणि समितीच्या नावाने पत्र लिहिलं. पत्र लिहायची मला सवय होती. त्यात आज्ञेची गोष्ट होती, फोटोची होती, तीन नोंदींचा अर्थ होता. श्रीमती रेळेकर यांचा या प्रकाराशी काहीही संबंध नाही असं स्पष्ट होतं. चूक माझी आहे असंही होतं. ते नानांना देण्याआधी मी कुमुदताईंच्या घरी गेलो. त्यांनी आधी वाचावं असं वाटलं.

दार अश्विनीने उघडलं. मला पाहून ती आत गेली. कुमुदताई शिवणयंत्रापाशी होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही आणि जा असंही म्हणाल्या नाहीत. मी पत्र पुढे केलं. त्यांनी चष्मा लावला आणि ते सावकाश वाचलं, दोन्ही बाजू. काही ठिकाणी थांबून पुन्हा वाचलं.

"म्हणजे कोणीतरी माझं नाव टाकलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"कोणी, ते कळणार नाही."

"नाही, ताई. कधीच नाही."

"पण मी नव्हते हे यात नीट लिहिलंय."

"लिहिलंय."

त्यांनी पत्र पुन्हा पहिल्या ओळीपाशी आणलं आणि बोट ठेवलं. ते मोठ्याने वाचलं: "'संकेतस्थळाची तपासणी करताना आज असे आढळून आले की.' आज?"

त्यांचं बोट तिथेच होतं.

"काल रात्री कोपर्डेबाईंचा फोन आला होता मला. म्हणाल्या, इकडचं तिकडचं ऐकून ठरवलं नाही, कॉम्प्युटरच्या मुलालाच विचारलं. त्यांनी तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"शनिवारपासून."

"मी किल्ल्या ठेवल्या त्याच्या आधी का नंतर?"

"नंतर. संध्याकाळी."

आतल्या खोलीत काहीतरी ठेवल्याचा आवाज आला आणि थांबला. कुमुदताईंनी यंत्राच्या खणातून पेन काढलं, 'आज' या शब्दावर एक रेघ मारली आणि पत्र व पेन दोन्ही माझ्यापुढे धरलं.

"ती मुलगी तिथं परत जाणार नाही. तो विषय संपला," त्या म्हणाल्या. "पण हे पत्र पिशांनाही दाखवायचंय आणि इचलकरंजीलाही पाठवायचंय. तुम्हाला केव्हा कळलं, ते लिहा."

मी वरच्या मोकळ्या जागेत 'शनिवार दि. २१' असं लिहिलं.

"किती वाजता?"

"सव्वापाचला."

"तुमच्या त्या फाइलमध्ये सव्वापाच आहे?"

"पाच सतरा आहे."

"मग सतरा लिहा."